तिसरं प्रकरण माझ्याकडे

दिल्लीत मयूर विहारला मेट्रोत रिकामी सीट दिसली म्हणून घाईने बसलो, तो थेट शेजारच्या मुलीच्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर. ती चिडली नाही. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून तिने माझ्यावर रोखली.

"अंकल, बैठ ही गए हैं तो तीसरा चैप्टर पढ़ लीजिए. आज सेमिनार में बोलना है, और रात भर मैं दूसरा असाइनमेंट लिख रही थी."

पहिलं प्रकरण समोरच्या सरदारजींकडे होतं, दुसरं विणकाम बाजूला ठेवलेल्या एका बाईंकडे. दर स्टेशनला ती एकेकाला म्हणायची, "हाँ, बताइए," चार ओळी लिहायची आणि पेन्सिल परत अंबाड्यात. सरदारजी धडाधड बोलले. माझी पाळी आली, पण मला प्रकरणातलं एक अक्षरही कळलं नव्हतं. शेवटी ऑफिसात फायलींवर लिहितो तेच बोललो, "इस पर और विचार अपेक्षित है."

"वाह अंकल," तिने आनंदाने लिहून घेतलं, "निष्कर्ष मिल गया."

या गडबडीत माझं स्टेशन मागे गेलं.

"इतना सब अकेले कैसे करती हो, बेटा?"

"अकेले किससे होता है, अंकल?" म्हणत ती कागद गोळा करून युनिव्हर्सिटीच्या स्टेशनला उतरली.

संध्याकाळी हे सगळं मी कौतुकाने बायकोला सांगितलं. तिने मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली.

"माझ्याच्यानेही एकटीने होत नाही. ही निवडा. आणि हिच्यावर अधिक विचार अपेक्षित नाही."