हौदात रेकॉर्ड केलेला शेवटचा तुकडा

प्रिय अनया आणि नील,

मिलिंदमामाची कॅसेट तुम्ही ऐकलीत आणि विचारलंत — शेवटच्या तुकड्यात गिटार मध्येमध्ये रेंगाळते, ती चूक आहे का? फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

आधी एक स्पष्ट करते. आपलं बौद्ध घर. भुतंखेतं, अंगात येणं यांना आपल्याकडे कधीच थारा नव्हता. मी तर जन्मभर शाळेत ‘कारण सांगा’ असंच विचारत आले. तरीही...

नव्वदच्या दशकाची अखेर होती. पुण्यातला बँड सोडून मिलिंद जामखेडला परत आला होता. त्याला एकट्याने एक कॅसेट करायची होती आणि कित्येक वर्षं ती होतच नव्हती. या संगीताला स्टोनर मेटल म्हणतात, हे मला पुढे तुमच्याकडून कळलं. तारा तो इतक्या सैल करायचा की सूर जमिनीतून आल्यासारखा वाटायचा. त्या उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरचं. अंगणातला जमिनीखालचा हौद कोरडा पडलेला. आवाज छान घुमतो म्हणून तो रेकॉर्डर घेऊन त्यातच उतरायचा. शेजारच्या पारूबाई भिंतीवरून विचारायच्या, “बाई, हौदात म्हस पाळली व्हय मिलिंदनं?”

सगळं झालं होतं, फक्त शेवटचा तुकडा बसत नव्हता. त्याला हवी ती संथ चाल काही केल्या टिकत नव्हती. हात आपोआप पळायचे. त्या दिवशी जेवताना तो शांतपणे म्हणाला, आज जमलं नाही तर गिटार मित्राला देऊन टाकणार. मी समजूत घातली नाही. त्याचा चेहराच तसा होता.

दुपारी तो खाली उतरला. मी हौदाच्या तोंडाशी रेकॉर्डरची वायर धरून बसले. दोनदा वाजवून त्याने मध्येच सोडलं. मग खालून आवाज आला, “आई, कोण दळतंय?”

मलाही ऐकू येत होतं... स्वयंपाकघरातून, जात्याची घरघर.

आपल्या घरात जात्यावर फक्त माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीने दळलं. लहानपणी मिलिंद त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून त्या आवाजात झोपायचा. थोड्या फेऱ्या झाल्या की त्या हात मंद करायच्या, मूठभर बाजरी घालायच्या, पुन्हा फिरवायच्या. त्या गेल्यावर जात्याची वरची तळी मी माठाखाली बैठक म्हणून ठेवली होती.

मी आत गेले. कोणी नव्हतं. भरलेला माठ तळीवर तसाच, खाली पाण्याचा थेंबही सांडलेला नाही. आवाज मात्र चालूच. गल्लीतल्या गिरणीचा विचार मनात आला, पण पट्टा तुटल्याने ती बंद होती.

परत येऊन मी म्हटलं, “आत कोणी नाही.”

त्याने गिटार पुन्हा मांडीवर घेतली. मग म्हणाला, “थांबू नको म्हणावं.”

आणि वाजवायला लागला. मी तशीच बसून राहिले. भीती वाटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. तुकडा संपला आणि घरघरही थांबली. तो वर आला तेव्हा डोळे लाल होते, म्हणाला, झालं.

संध्याकाळी पारूबाईंनी विचारलं, “आज लई दिसांनी जातं काढलं, बाई. डाळ भरडली का?” मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

आम्ही कॅसेट लावून पाहिली. त्यात जात्याचा आवाज कुठेच नाही, नुसती गिटार. तीन माणसांना ऐकू आलं ते यंत्राला का नाही, की आम्हीच तिघे चुकलो — मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. उत्तर सापडलेलं नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते. ती चूक नाही. तिथे मिलिंदमामा बाजरीची मूठ पडेपर्यंत थांबलाय.

तुमची,
आजी