डागताई आणि खिशावरची शाई

आमच्या ताईला आता परकी माणसंसुद्धा डागताई म्हणतात, आणि तिला ते चक्क आवडतं. मला कुणी अशी हाक मारली असती तर मी घर बदललं असतं.

ताई एका विमा कचेरीत आवक-जावक टेबलावर आठ वर्षं होती. एकदा तिथल्या मैत्रिणीच्या बाहीला लिफ्टचं ग्रीस लागलं. ताईने खडूची भुकटी आणि भांड्यांचा साबण वापरून ते तिथल्या तिथे काढलं आणि दुसऱ्या मैत्रिणीने त्याचा व्हिडिओ काढला. चार लाख लोकांनी तो पाहिला. एका बाहीतलं ग्रीस निघताना एवढ्या लोकांनी का पाहावं, मला अजून कळलेलं नाही. पण तीनदा मीही पाहिलाय. त्यानंतर ताईने कचेरीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि आमच्याकडून स्वयंपाकघर घेतलं. रजेला तारीख होती, स्वयंपाकघराला नव्हती.

तिचा एक हट्ट होता. डाग, तिचे हात आणि भिंतीवरचं घड्याळ, तिन्ही एकाच वेळी दिसायला हवीत आणि व्हिडिओ कुठेही कापायचा नाही. "कापलं की लोक म्हणणार, मधे कपडाच बदलला." त्यामुळे डाग निघायला चाळीस मिनिटं लागली तर चाळीस मिनिटं घरात मिक्सर बंद, नळ बंद आणि बाबांचा खोकला बंद. आईने तर वर्षभर कांदा चिरायचा तोही कुजबुजत.

पण चार लाख बघ्यांचा काय भरवसा? एका महिन्यात झुंबड, दुसऱ्या महिन्यात चिटपाखरू नाही. ताईने स्वतःशी ठरवलं होतं: दरमहा वर्गणी भरणारी तीनशे माणसं मिळाली तर नोकरी सोडायची. वर्गणीदाराने डागाचा फोटो पाठवायचा, ताईने तासाभरात उपाय सांगायचा. रजा संपायच्या दिवशी तीनशे भरले नाहीत, तर मुकाट्याने आवक-जावक.

रजेचे अठरा दिवस उरले तेव्हा आकडा होता दोनशे बारा.

बाबांनी हजर होत असल्याचा अर्ज आपल्या सुवाच्य अक्षरात लिहून तयारच ठेवला होता. "हौस झाली ना? टेबल कुणी उचलून नेईल तुझं."

"नेऊ देत. जड आहे ते," ताई म्हणाली.

खरी पंचाईत वेगळीच होती. घरात डागच उरले नव्हते. वर्षभर ताईच्या हाती सापडून आम्ही सगळे नको इतके जपून वागायला लागलो होतो. बाबा बनियनवर, बेसिनवर वाकून चहा प्यायचे. आणि त्या रविवारी अकराला ताईने लाईव्ह जाहीर केलेलं, तर एका प्रेक्षकाने पाठवलेला डागाळलेला कोट आलाच नाही.

"साडेदहा वाजले," ताई नखं खात म्हणाली. "रिकाम्या टेबलापुढे बसू का आता?"

मी सख्खा भाऊ. माझ्याच्याने पाहवेना. बाबांचा पांढरा शर्ट कपाटात इस्त्रीच्या घडीत होता. खिशावर निळी शाई सोडली, हेअर ड्रायरने वाळवली आणि शर्ट ताईपुढे नेऊन ठेवला. "बाबांचा जुना. चार वर्षांपूर्वी खिशात पेन गळलं होतं. आईने लपवून ठेवला होता." माझा हेतू स्वच्छ होता, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

अकराला लाईव्ह सुरू झालं. दोन हजार माणसं बघत होती. ताईने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, शर्टावर नेला आणि तसाच हवेत धरला.

"एक मिनिट," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "मला सांगितलंय की हा डाग चार वर्षांचा आहे आणि खिशात पेन गळून पडलाय. आता नीट बघा. पेन खिशात गळलं तर शाई आतून बाहेर येते. ही बाहेरून आत गेलीय. खिशाचं अस्तर जवळजवळ कोरं आहे."

मी फोन धरून उभा होतो. मोकळा हात मी हळूच पाठीमागे नेला.

"आता शर्ट उलगडते. बघा, घडीच्या पलीकडे हाच डाग, आरशात पाहावा तसा. म्हणजे शाई घडीवर पडली. इस्त्री तर परवाच झालीय. आणि हे बघा," तिने बोळा नुसता टेकवला, तो निळाशार झाला, "चार वर्षांची शाई इतक्या उत्साहाने सुटत नाही. हिचं वय आहे अर्धा तास. कॅमेरा धरणाऱ्या, बोटं दाखव."

"ताई, मी फक्त..."

"बोटं!"

दोन हजार माणसांनी माझी निळी बोटं पाहिली. मागून बाबांचा आवाज आला, "माझा शर्ट? गाढवा, माझा चांगला शर्ट?" तोही सगळ्यांनी ऐकला. व्हिडिओ कापायचा नाही हा नियम मला त्या दिवशी फार जाचक वाटला.

ताईने शांतपणे सव्वीस मिनिटांत शर्ट साफ केला, पण तोवर ते बघण्यात कुणालाच रस उरला नव्हता. खाली प्रेक्षकांच्या कॉमेंट्स धावत होत्या. 'आमच्या सोफ्यावर कॉफी कुणी सांडली सांगा, घरात तिघंच आहोत.' 'सासूबाई म्हणतात गंज आहे, मी म्हणते चहा आहे, निकाल द्या.' आठवड्याभरात आकडा तीनशे एकतीस झाला. मी छाती फुगवून फिरायला लागलो.

ताई मात्र वैतागली. "मी डाग काढते. माणसं पकडत नाही. असली भांडणं लावून किती दिवस चालेल?" तिने नियम जाहीर केला: डाग कशाचा आणि किती जुना, हे सांगेन. कुणाचा, हे मरेपर्यंत सांगणार नाही. तमाशा बघायला आलेले फणकाऱ्याने निघून गेले. आकडा दोनशे एकोणनव्वद.

"घे, घालवलीस!" मी ओरडलो.

"जाणाऱ्यांच्या भरवशावर नोकरी सोडू होय रे?"

शेवटच्या चार दिवसांत एका बाईने नवऱ्याच्या कॉलरवरच्या लाल डागाचा फोटो पाठवला. बरोबर एकच वाक्य होतं: 'बॅग भरून ठेवली आहे.' ताईने फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, "लिपस्टिक नाही, मेणाचा खडू. लिपस्टिक असती तर कडेला तेलाची ओल उतरली असती. वर-खाली टिपकागद ठेवून इस्त्री फिरवा." त्या घरात चार वर्षांची चित्रकार होती. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याने स्वतःच्या नावाने वर्गणी भरली. पाठोपाठ त्याच्या कचेरीतले नऊ पुरुष आले. डाग कुणाकडेच नव्हता. पुढेमागे लागला तर असावा, म्हणून.

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी आकडा दोनशे नव्याण्णव. बाबांचा अर्ज टेबलावर, ताईचा राजीनामा त्याच्या शेजारी, आणि ताई दोन्हींकडे बघत बसलेली. कचेरी दहाला उघडणार होती. साडेनऊला फोन वाजला. नवा वर्गणीदार, नाव 'एक हितचिंतक'. सोबत फोटो: उशीचा अभ्रा, त्यावर काळपट डाग. अभ्र्यावर निळ्या बदकांची रांग होती. तसे बदकांचे अभ्रे आमच्याकडे दोनच. एकावर मी झोपतो.

मी तोंड उघडलं. ताईने डोळे वटारून ते बंद करवलं. नियम म्हणजे नियम. तिने टाईप केलं, "केसांचा काळा रंग. कालचाच. स्पिरिटने फिका होईल, पूर्ण जाणार नाही. यापुढे डोकं वाळल्याशिवाय उशीला टेकू नये."

आतल्या खोलीत लगेच फोन टुणकन वाजला. ताईने राजीनामा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि दारातून विचारलं, "बाबा, येऊ का मग?"

"जा," आतून आवाज आला. "आणि येताना स्पिरिट आण. घरात असलेलं बरं."