झग्याच्या बदल्यात पातेलं

गुणवंतरावांनी बायकोच्या गाण्याची फुशारकी मारायला सुरुवात केली ती भूकंपानंतर. त्याआधी एकोणपन्नास वर्षांत, बायको गायची हे त्यांनी चुकूनही कुणाला सांगितलं नव्हतं.

मार्चमधल्या त्या दुपारी जपानमध्ये, हिगाशी-कसाई भागातल्या त्यांच्या आठव्या मजल्यावरच्या घरात लग्नाचा फोटो भिंतीवरून पडला. सून यामिनी काचा वेचायला बसली, तर त्या फोटोच्या मागून आणखी एक फोटो निघाला. खांदे उघडे टाकणारा पायघोळ झगा, हातात माइक, मागे गोव्याचे वाजवणारे.

"आई, या तुम्ही?"

"मीच. दुसरं कोण असणार?" सिंधूताई म्हणाल्या.

मुंबईच्या एका हॉटेलात त्या चार वर्षं गायल्या होत्या, नुसती अमेरिकन गाणी. रेकॉर्ड पुन्हापुन्हा लावून एकेक ओळ वहीत देवनागरीत उतरवायची, उच्चार घोटून घ्यायचे आणि शनिवारी उभं राहायचं. नाचणारी जोडपी नाच सोडून ऐकत राहायची. निळा झगा त्यांनी स्वतः शिवला होता.

मग लग्न झालं. त्या माहेरी गेल्या असताना गुणवंतरावांनी तो झगा बोहारणीला देऊन टाकला आणि बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं. "उपयोगाची वस्तू आली घरात," म्हणाले. पुढे सिंधूताई ओट्यापाशी गुणगुणल्या, की ते खाकरायचे. मारहाण नाही, आरडाओरडा नाही, नुसतं खाकरणं. असल्या सभ्य माणसाविरुद्ध तक्रार तरी कुणाकडे करायची? वर्षभरात गुणगुणणं बंद झालं.

आणि आता हेच गृहस्थ लिफ्टमध्ये भेटेल त्याला तो फोटो दाखवत होते. जपानी शेजाऱ्यांना यामिनीला सांगायला लावत होते, "हिच्या गाण्याला मीच उत्तेजन दिलं." ऐकताना सिंधूताईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गुणवंतराव नदीकाठी फिरायला गेले, की त्या खिडक्या लावून गळा साफ करायच्या. वरचे सूर गेले होते. खालचे अजून जागच्या जागी होते.

पुढच्या वसंतात मराठी मंडळींनी भूकंपग्रस्तांसाठी कार्यक्रम ठेवला, जपानी शेजाऱ्यांनाही बोलावलं. यामिनीनं सासूचं नाव दिलं, आणि ओळख करून द्यायला गुणवंतराव न बोलावता मंचावर चढले. उत्तेजनाची कथा त्यांनी रंगवून सांगितली. टाळ्याही घेतल्या.

सिंधूताईंनी त्यांच्या हातातून माइक घेतला.

"माझा गाण्याचा झगा यांनी बोहारणीला दिला. त्याचं पातेलं आलं. पन्नास वर्षं त्यात मी यांची आमटी करतेय. यामिनी, जपानीत सांग सगळ्यांना. एक शब्द गाळू नकोस."

यामिनीनं सांगितलं. गुणवंतराव खाकरले.

"जरा मोठ्यानं खाकरा," सिंधूताई म्हणाल्या, "मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

मग त्या एक जुनं अमेरिकन गाणं गायल्या. पुढच्या रांगेतल्या जपानी म्हाताऱ्यांना युद्धानंतरच्या अमेरिकन फौजेच्या रेडिओमुळे ती चाल पोरवयापासून ठाऊक होती. ते हलकेच ताल धरू लागले. आवाज दोनदा फाटला. त्या थांबल्या नाहीत.

गुरुवार हा न जळणारा कचरा उचलण्याचा वार होता. सिंधूताईंनी पातेलं घासून लख्ख केलं, पारदर्शक पिशवीत घातलं आणि खाली नेऊन ठेवलं.

"आज आमटी कशात करणार?" गुणवंतरावांनी विचारलं.

सिंधूताई गुणगुणत होत्या. त्यांनी गाणं पुरं केलं आणि मग म्हणाल्या, "तुम्ही बघा."