जिर्रीचा बाप

बगदादमधल्या कर्ख पेठेच्या मासळीबाजारात रैताशी घासाघीस करायला सहसा कोणी धजत नसे. "डोळे बघ त्याचे, तुझ्यापेक्षा टवटवीत आहेत," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची, आणि गिऱ्हाईक निमूटपणे मासा घेऊन जायचं. तिचा जन्म दक्षिणेकडच्या दलदलीतला, बोरूच्या बेटांवरचा. लग्न होऊन बगदादला आली, दोन वर्षांत नवरा तापाने गेला. माहेरी परत ये म्हणून भाऊ तीनदा निरोप घेऊन आले. तिन्ही वेळा तिने त्यांना तळलेला मासा खाऊ घालून वाटेला लावलं.

एका वसंतात, बाजार ओसरायच्या सुमाराला, सबरीशू नावाचा एक किडकिडीत ख्रिस्ती माणूस हातात कागद घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. ग्रीक आणि सुर्यानी पोथ्या अरबीत आणणं हा त्याचा धंदा.

"कुठला देऊ?" रैताने विचारलं.

"मासा नकोय. नाव हवंय."

"नावं फुकट आहेत. बोल."

युनानच्या, म्हणजे ग्रीकांच्या, एका थोर प्राचीन गुरूंनी, ज्यांना सगळे विद्वान 'पहिले गुरुजी' म्हणत, प्राण्यांवर एक मोठं पुस्तक लिहिलं होतं. आधीच्या भाषांतरकारांना माशांची नावं कळली नव्हती, म्हणून त्यांनी ग्रीक शब्द तसेच्या तसे अरबी लिपीत उतरवून ठेवले होते. वाचणाऱ्याला काडीचा बोध होत नव्हता. सबरीशू वाचू लागला, "मोठं तोंड, मिशा, अंगावर खवले नाहीत..."

"जिर्री!" रैता म्हणाली. "इथे तो कोणी खात नाही, धर्मात बसत नाही म्हणतात. नदीपलीकडे दुसऱ्या पंथाचे लोक चवीने खातात. पुढे?"

"मादी अंडी घालून निघून जाते. नंतर..." सबरीशू घुटमळला. "एका पोथीत लिहिलंय, बाप राखण करतो. आमच्या बैठकीचे शेख अबू गालिब म्हणतात, ही पोथी उतरवणाऱ्याची चूक. तिथे 'आई' हवं."

रैता हसत सुटली. शेजारच्या मासेविक्याने मान वळवून पाहिलं.

"अहो, बापच बसतो! आई कधीच गेलेली असते. तुमच्या शेखांनी कधी पाण्यात पाय घातलाय का?"

"त्यांनी त्या 'आई'वर तीन पानं भाष्य लिहिलंय," सबरीशू खालच्या आवाजात म्हणाला. "पोटच्याला जपणं हा स्त्रीचाच स्वभाव, असा सिद्धान्त काढलाय त्यातून."

"मग तीन पानं वाया गेली बिचाऱ्यांची."

गुरुवारी कागदवाल्याच्या दुकानामागच्या अंगणात शेखची बैठक भरायची. सबरीशू त्या गुरुवारी रैताला घेऊन गेला. पंधरावीस दाढीवाले चटयांवर बसले होते. तिने हात धुतले होते, तरी वास आलाच. दोघे जण जरा सरकून बसले. रैताने ते पाहिलं आणि मुद्दाम त्यांच्याच शेजारी बसली.

अबू गालिब स्थूल, गोरापान, बोलायला मऊ. "बाई, राखण करणारा नर आहे हे तुला कशावरून कळलं?"

"कापून बघितलाय, शेख. मादीच्या पोटात गाभोळी असते. घरट्यावर बसलेल्याच्या पोटात गाभोळी नाही, नराचं पांढरं दूध निघतं. माझा बा सांगायचा, त्याला मारू नका, पिल्लं मरतात. पण भूक लागली की आम्ही मारायचो."

"एका माशावरून सगळ्या जातीबद्दल बोलता येत नाही," एक तरुण पंडित म्हणाला.

"किती हवेत बाबा? दहा? वीस? पाणी कोमट झालंय, आत्ताच बसले असतील ते. चला माझ्याबरोबर."

सगळे हसले. शेख मात्र हसला नाही. "चला," तो म्हणाला.

दोन दिवसांनी, सकाळी, शहराच्या खालच्या अंगाला, बोरूच्या एका डबक्याशी ही वरात पोचली. शेखने अंगरखा कमरेला खोचला आणि रैताच्या मागोमाग गुडघाभर पाण्यात उतरला. बोरूच्या मुळांशी अंड्यांचा पुंजका होता आणि त्याच्यावर एक काळपट, मिशाळ धूड. लहान मासे जवळ आले की ते अंगावर धावून जायचं आणि पुन्हा जागेवर यायचं.

"हात लावू नका हं," रैता म्हणाली.

शेखने लावला. पुढच्याच क्षणी तो "या अल्लाह!" करत चिखलात बसला. अंगठ्यातून रक्त येत होतं, पगडी पाण्यावर तरंगत चालली होती. तिच्यामागे दोन पंडित धावले. रैताने तेवढ्यात मासा जाळ्यात धरला, काठावर नेला आणि कापून उघडला. पांढरं दूध.

शेख अंगठा चोखत वाकून ते बघू लागला.

"पहिल्या गुरुजींनी पाहून लिहिलं होतं," तो अखेर म्हणाला, "आणि मी घरी बसून त्यांना सुधारत होतो." मग सबरीशूकडे वळला. "ती तीन पानं काढून टाक."

"किती दिवस बसतो म्हणतात तुमचे गुरुजी?" सुरी धुता धुता रैताने विचारलं.

"चाळीस, पन्नास," सबरीशूने सांगितलं.

"छे! इथे आठवडाभरात पिल्लं सुटतात. पण त्यांच्या मुलखात पाणी थंड असेल."

"हेही लिही," शेख म्हणाला. "कोणी सांगितलं म्हणून लिहू, बाई?"

"लिहा, पूल उतरून डाव्या हाताला तिसरी मासेवाली. गिऱ्हाईक तरी वाढेल."

गिऱ्हाईक फारसं वाढलं नाही, प्रश्न वाढले. विद्वान याद्या घेऊन येत, गर्दीच्या वेळी उभे राहत, मासा घेत नसत. शेवटी तिने नियम केला: दोन मासे घ्या, एक प्रश्न विचारा. सबरीशूची बायको रोज मासे शिजवून कंटाळली, पण पोथीतली नावं एकेक करून अरबी होत गेली. बैठकीतही रैताची जागा ठरून गेली. तिच्यापासून सरकून बसणारे आता तिच्याकडूनच मासे घेत.

एका गुरुवारी शेखने विचारलं, "गुरुजी म्हणतात, काही मासे अंड्यांशिवाय, नुसत्या चिखलातून जन्मतात. तुझं काय मत?"

रैता विचारात पडली. उन्हाळ्यात आटलेली आणि पावसानंतर माशांनी भरलेली डबकी तिने लहानपणी पाहिली होती. ते मासे कुठून येतात, हे तिच्या बापालाही सांगता आलं नव्हतं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी पाहिलेलं नाही."

तरुण पंडिताने लेखणी खाली ठेवली. शेखने त्याला ती पुन्हा उचलायला लावली आणि म्हणाला, "जसं बोलली तसंच लिही."

रैता तोवर उठून उभी राहिली होती. पाटीत अजून सहा मासे होते आणि ऊन चढत होतं.