मशीनवाल्या म्हाताऱ्याचा एपिसोड

अवकाशातल्या जहाजांच्या दोन मालिका आहेत. नावं मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच एका बाजूला जाऊन बसतो आणि पुढचं काही ऐकून घेत नाही. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. थोरली जुनी. तिच्यातलं जहाज चकाचक, कप्तान देवमाणूस, एक माणूस मागे राहिला तरी अख्खं जहाज फिरवणार. धाकटी नंतरची. तिच्यातलं जहाज गळकं, खायला पुरत नाही आणि कप्तान कुणासाठी थांबत नाही. मी धाकटीची. थोरलीवाल्यांना मी तोंडावर सांगायचे, तुमची मालिका म्हणजे पोरांना झोपवायची गोष्ट आहे.

आम्ही सात जण. वर्षातून एकदा, गणपती गेले की एखाद्या रविवारी दुपारी, गोरेगावला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे जमतो आणि कुठली मालिका भारी यावर रीतसर भांडतो. मैत्रीण शाळेत शिकवते, म्हणून चिठ्ठ्या, घंटी, वेळ लावणं तिच्याकडे. ती पंच. बाकी तीन इकडे, तीन तिकडे. थोरलीचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांची तोंडं उघडी ठेवतो आणि त्या रविवारी आमची बंद करायला येतो. जे जिंकतील त्यांची मालिका पुढचं वर्षभर सगळ्यांनी बघायची, कुरकुर न करता.

आणि एक नियम डब्याचा. एके वर्षी कुणीतरी मांडीवर फोन ठेवून गुपचूप एपिसोड शोधत होतं, त्यावरून असली जुंपली की खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. तेव्हापासून सगळ्यांचे फोन आवाज बंद करून मैत्रिणीच्या तांदळाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात. झाकण घट्ट. वाद संपायच्या आत ज्यानं झाकण उघडलं त्याची बाजू हरली, विषय संपला. डबा टीपॉयवर मधोमध असतो. आत फोन थरथरला की अख्खा डबा गुरगुरतो, आणि फोन कुणाचा ते कळायला काही मार्ग नाही.

आता घरचं सांगते. आम्ही वर्सोव्याचे कोळी. बाबा बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमात. बोट समुद्रातून परत येताना नेटवर्कमध्ये शिरली की बाबा मला एक रिंग देऊन कापतात. उचलायची नाही. एक रिंग म्हणजे आलो, सगळे ठीक आहेत, चहा टाका. हल्ली फोनवर कितीही बोलता येतं, पण बाबांची ती एक रिंग काही सुटली नाही. ती वाजली की आई पहिल्यांदा मला ओरडते, पसारा आवर म्हणून. तोवर आई कुणाला ओरडत नाही.

त्यांच्या बोटीवर एक म्हातारा खलाशी आहे, इंजिन तोच बघतो. मी त्याला काका म्हणते. बायको गेली, मुलगी लांब दिली, त्यामुळे जमिनीवर असला की संध्याकाळचा चहा आमच्याकडे. मला धाकटी मालिकेचं वेड लागलं तेव्हा काका चहा पिता पिता माझ्याबरोबर बघायचा. भाषा कळायची नाही, पण जहाज कळायचं. "इंजिन गरम झालंय गो, बघ, आता बंद पडतंय," असं म्हणायचा आणि खरंच पडायचं. त्यातला एक एपिसोड सगळ्यात गाजलेला. जहाजाबाहेर दुरुस्तीला गेलेला मशीनवाला म्हातारा बाहेरच अडकतो, शत्रू जवळ येतो, आणि कप्तान त्याला तिथेच सोडून जहाज नेतो. तो एपिसोड आम्ही निम्मा पाहिला होता आणि बाबांनी बाहेरून हाक मारली, भरती आलीय, चल. काका चपला घालता घालता म्हणाला, "थांबव नको, तू बघ. घेतात काय त्याला ते मला सांग." पुढे ते राहूनच गेलं. मी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

एका वर्षी आमचं भांडण रविवारी होतं आणि बोट त्याआधी शुक्रवारी यायला हवी होती. शनिवारी दुपारपासून वारा फिरला. संध्याकाळपर्यंत एकेक बोट खाडीत शिरली, आमची सोडून. वायरलेसवर आमच्या बोटीचा आवाज लागेना. बोटी उशिरा येतात, त्यात काय विशेष? हे आईनं आणि मी एकमेकींना इतक्यांदा सांगितलं की शेवटी दोघी गप्प झालो. रविवारी सकाळी आईनं बाबांचे सगळे शर्ट कपाटातून काढून पुन्हा घड्या घातल्या. मी बघत बसले. तिनं वर न बघता सांगितलं, "तू जा तुझ्या त्या भांडणाला. इथे बसून माझ्या तोंडाकडे बघू नकोस."

आणि मी गेले. लोक म्हणतील, काय मुलगी आहे! म्हणू देत. मला त्या घरात बसवत नव्हतं. दर दोन मिनिटांनी मी फोन बघत होते. रिक्षात बसल्यावर मला एकच गोष्ट हवीशी वाटत होती, तो डबा. फोन डब्यात गेला की दोन तास मला कुणी काही सांगू शकणार नाही. काय झालं असेल ते होऊन गेलेलं असेल, पण मला माहीत नसेल. मी इतकी घाबरले होते की मला बातमीच नको होती, चांगलीसुद्धा.

ग्रुपमध्ये मी कुणाला काही बोलले नाही. फोन डब्यात टाकला, झाकण मीच दाबलं. मैत्रिणीनं चिठ्ठी उचलली. विषय निघाला मशीनवाल्या म्हाताऱ्याचा एपिसोड. कप्तानाचं चुकलं की बरोबर?

डॉक्टर खूश झाला. "चला, तुमची वाट लागली," म्हणाला आणि सुरू झाला. आपला माणूस सोडून जाणाऱ्याला कप्तान म्हणायचं कशाला, म्हणे. आमच्या थोरलीत एका साध्या शिपायासाठी जहाज तीन वेळा फिरवलंय, म्हणे. माझ्या बाजूचे दोघे माझ्याकडे बघत होते, कारण हा एपिसोड मला तोंडपाठ आहे हे सगळ्यांना ठाऊक. मी उभी राहिले. आणि डबा गुरगुरला.

लांब. एक रिंग नाही. वाजतच राहिला. सगळे आपापले खिसे चाचपायला लागले, मग आठवलं तसे हसले. "कुणाची तरी बायको," कुणीतरी म्हणालं. माझा नसेल. सात फोन आहेत, माझाच कशाला असेल? डबा थांबला. मी बोलायला तोंड उघडलं, तो पुन्हा सुरू.

हात पुढे करून झाकण उघडायला किती वेळ लागतो? हरलो असतो, बस. वर्षभर थोरली बघितली असती. पण मी आवाज चढवला. डब्याच्या वर जाईल इतका चढवला. "जहाजात अकरा माणसं आहेत," मी म्हणाले, "अकरा! आणि बाहेर कोण आहे? एक म्हातारा. त्याचं आयुष्य जगून झालंय. त्याच्यासाठी अकरा घरं उजाड करायची? तुमचा कप्तान जहाज फिरवतो, कारण लिहिणाऱ्यानं त्याला आधीच सांगून ठेवलंय की काही होणार नाही. खरा समुद्र असता तर कुणी फिरवलं नसतं!" मी अवकाश म्हणायला हवं होतं, समुद्र म्हणाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. डबा गुरगुरत होता आणि मी बोलत होते. डॉक्टर मध्ये काही बोलायला गेला तर मी त्याला बोलू दिलं नाही. थांबले असते तर मला तो आवाज ऐकू आला असता.

घंटी वाजली. मैत्रिणीनं निकाल दिला, धाकटी. माझ्या बाजूच्या दोघांनी शिट्ट्या मारल्या. डॉक्टरनं हात जोडले आणि म्हणाला, "बाई, तू आज पेटलीस. तुझ्या जहाजावर मी नोकरी करणार नाही." सगळे हसले. झाकण डॉक्टरनंच उघडलं आणि एकेकाचा फोन वाटायला लागला. माझा शेवटून दुसरा.

आईचे तीन मिस्ड कॉल. एका अनोळखी नंबरचे पाच.

कुणाला आधी लावू? मी गॅलरीत गेले. तेवढ्यात अनोळखी नंबर हातात पुन्हा थरथरला.

"बाय?" बाबांचा आवाज. पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आई कशी आहे? काय झालं घरी? खरं सांग मला."

मला काही कळेना. "घरी काय होणार? बाबा, तुम्ही कुठे आहात?"

आई ठीक आहे हे बाबांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, सातपाटीच्या बंदराला लागलोय, पार पालघरकडे. जाळं ओढताना लाट आली आणि काका पाण्यात गेला. शनिवारी, अंधार पडायच्या सुमाराला. वायरलेसवर एकदा ओरडून सांगेपर्यंत तोही बंद पडला, सगळ्यांचे फोन भिजले. बाबांनी जाळं कापून टाकलं आणि बोट फिरवली. बाकीचे खलाशी सांगत होते, तांडेल, नका फिरवू, बोट आडवी होईल. फिरवली. तीन तास हाका मारत फिरले. काका जाळ्याचा तरंगता बोया धरून होता. हाकेला ओ देण्याइतका जीव राहिला होता, तेवढ्यावर सापडला. नंतर इंजिन नीट चालेना, कारण इंजिनवाला स्वतःच आडवा पडलेला. कसेबसे किनाऱ्याला लागले. तिथल्या एकाचा फोन मागून घेतला. बाबांना एकच नंबर पाठ, माझा.

"पाच वेळा लावला," बाबा म्हणाले. "तू कधी फोन सोडत नाहीस. वाटलं, आईला काय तरी झालं. बाय, काल पाण्यात भ्यालो नाय इतका आता भ्यालो गो."

मी म्हणाले, फोन पर्समध्ये राहिला होता, आवाज बंद होता.

आईनं फोन केले होते ते वेगळ्या कारणानं. रविवारी दुपारी धक्क्याला लागलेल्या दुसऱ्या गावच्या एका बोटीनं आमचा वायरलेस बंद पडायच्या आधी एवढंच ऐकलं होतं की आमच्या बोटीवरचा माणूस पाण्यात गेला. कुठला माणूस ते नाही. ती बातमी धक्क्यावर आली आणि आईनं मला तीनदा फोन लावला. ते दीड तास आईनं घरात एकटीनं काढले, तो एक माणूस कोण असेल याचा विचार करत. तिलाही मी पर्सचंच सांगितलं. त्या संध्याकाळी आई पसाऱ्यावरून ओरडलीसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात काका आमच्या पायरीवर येऊन बसला. दोन्ही तळहात सोललेले, त्यावर पट्ट्या. कप धरता येत नव्हता, म्हणून मी बशीत चहा ओतून त्याच्या तोंडाला लावला. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याचं आयुष्य जगून झालंय, हे माझंच वाक्य सारखं कानात येत होतं.

"त्या दिवशी पाण्यात पडल्या पडल्या एक आठवलं गो," काका म्हणाला. "तुझ्या त्या टीव्हीतला म्हातारा. मशीनवाला. बाहेर राहिलेला. मी निम्म्यातून उठून गेलेलो. पाण्यात होतो ना, तेव्हा सारखा तोच डोळ्यांसमोर. म्हटलं, त्याचा तांडेल फिरला असणार, तर आपला पण फिरेल. त्याच्यावरच दम धरला." त्यानं बशी बाजूला केली. "घेतला ना त्याला?"

एपिसोडमधली एक तारीख चुकवली म्हणून माणसाला ग्रुपमधून काढणारी बाई आहे मी. धाकटीत कप्तान फिरत नाही. म्हणून तर ती धाकटी.

"घेतला, काका," मी म्हणाले. "जहाज फिरवलं आणि घेतला."

"घेणारच," काका म्हणाला, "तांडेल आहे तो," आणि पट्ट्या बांधलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून उरलेल्या चहाची वाट बघत बसला.