लहान मेंदूतले पट्टे

“मॅडम, आम्ही गिरजाबाईला घरी नेतो. डोक्यात गाठ म्हंजे संपलंच की!” फर्दापूरकडून आलेले तिचे दीर एमआरआयच्या दाराशी अडून बसले होते. नवरा मेंढरांपाशी राहिला होता.

मी रेडिऑलॉजिस्ट. फोटो बघून आजार ओळखणं हे माझं काम. म्हटलं, “अहो, फोटो अजून मीच धड बघितले नाहीत. तुम्ही कसला निकाल लावता?”

चाळिशीतल्या गिरजाबाई चालताना झोकांड्या खायच्या, सकाळी उलट्या व्हायच्या. गाठ लहान मेंदूत होती. डोक्याच्या मागच्या बाजूचा हा भाग शरीराचा तोल सांभाळतो.

तेवढ्यात न्यूरोसर्जनचा फोन आलाच. “कॅन्सर वाटतोय का? रेडिएशनचं बोलून ठेवू?”

“थांबा, सर. घाई नको.”

स्क्रीनवरच्या गाठीत घोंगडीच्या काठासारखे काळे-पांढरे पट्टे होते. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून देतात ते औषध, गाठीनं जवळजवळ घेतलंच नव्हतं. वाईट गाठी बहुधा ते अधाशासारखं पितात. ही दुर्मीळ गाठ मी फक्त पुस्तकात पाहिली होती. खरं सांगते, आधी आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. ही गाठ कॅन्सरची नसते, सावकाश वाढते, ऑपरेशननं काढता येते. पण काहींच्यात ती एकटी येत नाही. थायरॉइडमध्ये, स्तनातही गाठी होतात.

दिरांना विचारलं. “दुसरं काय बी नाय तिला,” ते म्हणाले. गिरजाबाईंनी मान डोलावली.

आमच्याकडे बाईच्या दुखण्याची हकिकत पुरुषच सांगतात. गर्दी असली की आम्हीही मुकाट्यानं तीच लिहून घेतो. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. दिरांना चहाला पिटाळलं आणि दार लावून घेतलं.

“गिरजाबाई, छातीत कुठं हाताला गाठ लागते का?”

त्यांनी दार नीट लागलंय का ते वळून पाहिलं. मग पदर आवळून म्हणाल्या, “व्हय. दिवाळीपासून हाय. भावजींसमोर कसं सांगू, बाई?”

मेंदूतली गाठ ऑपरेशननं निघाली. ती तपासून लॅबनंही माझ्या रिपोर्टातलंच नाव दिलं, रेडिएशन टळलं. स्तनातली मात्र कॅन्सरची ठरली. लहान असतानाच सापडल्यामुळं उपचार वेळेवर झाले. आज गिरजाबाई परत मेंढरांमागं हिंडतात.

सर्जन अजून चारचौघांत त्या पट्ट्यांबद्दल माझी पाठ थोपटतात. मी ऐकून घेते. जी गाठ जीव घेणार होती, ती माझ्या एकाही फोटोत नव्हती. ती विचारावी लागली.