पिल्लं नसलेले खुबे

फुलाबाईला गावात सगळे भांडकुदळ म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यात धरणाचं पाणी वावरांवर चढलं, तेव्हापासून ती काठानं खुबे वेचते. खुबे म्हणजे पाण्यातल्या काळ्या गोगलगायी. उकडायचे, सुईनं मांस काढायचं आणि झणझणीत कालवण करायचं. तिचा नेम एकच. खुब्याचं झाकण दाबून बघायचं, आत बारीक पिल्लं दिसली की परत पाण्यात. "लेकुरवाळीला कुणी खातं व्हय?" म्हणायची.

पप्पू आमच्याच भावकीतला. त्यानं काठावर बोटिंग काढलं आणि कोकणातनं समुद्रावरच्या जुन्या बोटी उचलून आणल्या. दर उन्हाळ्यात बोटी काठावर ओढायच्या, जुना रंग खरवडायचा, नवा फासायचा. पापुद्रे सगळे पाण्यात. बोटीच्या बुडाला शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून त्या रंगात विष घालतात. आमच्या गोड्या पाण्यात कसले आलेत चिकटणारे शिंपले? पण बोटींबरोबर डबे आले होते ना, मग फासा.

पुढं खुब्यांत पिल्लं दिसेनात. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? खूश झालो. फुलाबाईसारखं निवडून कोण आणतंय, आता दाताखाली पिल्लांच्या कवचांची कचकच नाही म्हणून बोटं चाटून खाल्लं. फुलाबाईही फसली. सोडण्यासारखा एक खुबा सापडेना, म्हणून ती पाटी भरभरून आणायला लागली. बघता बघता काठ रिकामा झाला.

तिची नात शेफाली पुण्याला कॉलेजात पाण्यातल्या जिवांचंच शिकते. ती सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आजी, बंदरांजवळच्या शंखांचं असंच झालंय. या रंगातल्या विषानं माद्यांना नराचं अंग फुटतं, मग वीणच थांबते. इथंही तेच झालं असणार."

फुलाबाई तशीच उठून पप्पूच्या दारात गेली. "मेल्या, म्या पिल्लं जपली आन् तू वीणच बुडिवलीस?"

"काकी, गोगलगायींपायी धंदा बंद करू का?" म्हणाला हा दिवटा.

मग ती खरवडायला काढलेल्या बोटीला टेकून बसली ती उठेचना. शहरातनं आलेलं गिऱ्हाईक मोबाईलवर तिचे फोटो काढायला लागलं, तसा पप्पू नमला. बोटी हलवल्या. कुठं? समोरच्या काठाला, दुसऱ्या गावाखाली. आणि आमच्या गावानं पेढे वाटले. माझं तर डोकंच फिरलं. पाण्यात काय बांध घातलाय?

फुलाबाईनं पेढ्याला हात लावला नाही. वळसा घालून चालत त्या गावाला गेली. काठावर सखूबाई नावाची बाई खुबे वेचत होती.

"बाई, ह्या बोटी हितं ठिवू देऊ नका. खुबे जात्यात," फुलाबाई म्हणाली.

सखूबाईनं मान वर केली. "तुमच्या दारातली घाण तुमीच आमच्या दारात लोटली, आन् आता शानपन शिकवाय आलाय व्हय?"

जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली बाई. पण हे तिनं ऐकून घेतलं. सखूबाईचं खोटं तरी काय होतं?